पुढच्या खोलीतलं वजन

१

फोल्कमार टेडसेनचं माणसांबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं, आणि ज्या पाणबुडीचा तो मुख्य इंजिनिअर होता तिच्याबद्दल तर त्याहूनही नव्हतं.

पाणबुडी म्हणजे काय, तर एक लांबलचक लोखंडी नळा. त्यात आधी टॉर्पेडो बसवले, मग डिझेलची इंजिनं, त्यामागे विजेच्या मोटारी, पोटाखाली बॅटऱ्या. एवढं सगळं मावल्यावर जिथे जिथे फट उरली तिथे माणसं कोंबली. हॅम्बर्गच्या गोदीत टेडसेनला तिचा आराखडा पाहायला मिळाला होता. त्यात खलाशी वजनांच्या रकान्यात होते, डबाबंद मांसाच्या खाली आणि पिण्याच्या पाण्याच्या वर. टेडसेनला ते वाचून हसू आलं होतं. त्या अख्ख्या आराखड्यात तेवढी एकच गोष्ट प्रामाणिक होती.

वर्तमानपत्रवाले या नळ्याला समुद्रातला लांडगा म्हणत. टेडसेन म्हणायचा, लांडग्याला निदान घाण करायला स्वतंत्र जागा लागते. इथे दोनातला एक संडास निघतानाच बटाट्यांनी आणि पावांनी भरलेला असे.

त्याचं काम होतं बोट तोलात ठेवणं. पाण्याखाली बोट हलकी असून चालत नाही आणि जडही. हलकी झाली तर शत्रूच्या डोळ्यांसमोर बुचासारखी वर येते. जड झाली तर खाली खाली जात राहते, आणि एका खोलीनंतर समुद्र तिला अंड्यासारखी फोडतो. त्यामुळे रोज सकाळी बोट बुडवून तोल पाहायचा. आदल्या दिवशी किती बटाटे खाल्ले, किती कचरा फेकला, किती तेल जळलं आणि त्याच्या जागी किती खारं पाणी आलं, हे सगळं धरून पुढच्या आणि मागच्या टाक्यांत पाणी घ्यायचं किंवा काढायचं. कोबी सडला आणि फेकला, तर कोबी वजा. टेडसेन हे मनातल्या मनात करी, आणि त्याचा अंदाज बादलीभराहून जास्त कधी चुकत नसे. समोर एक काचेची नळी होती, गवंड्याच्या पाणसळीत असते तशी. तिच्यातला बुडबुडा मधोमध थांबला की टेडसेन नाकातून श्वास सोडी आणि म्हणे, "झालं. आता तुम्ही लोक पुन्हा मूर्खपणा करायला मोकळे."

एकोणीसशे त्रेचाळीस सालच्या शरद ऋतूत बोट फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरातून निघाली. दुसऱ्या सकाळी तोल पाहायला बोट बुडवली, तेव्हा बुडबुडा मध्यावर थांबला नाही. तो जरासा मागे सरकला आणि तिथेच राहिला. नाक जड होतं. फार नाही. एका माणसाएवढं.

"वुबे," टेडसेन म्हणाला, "पुढच्या खोलीत कोण रिकामटेकडा फिरतोय बघ."

वुबे हा टाक्यांचे व्हॉल्व्ह सांभाळणारा जुना खलाशी. उत्तर जर्मनीतल्या फ्रिझियाच्या दलदलीतला, अंगाने थोराड, बोलायला कंजूष. तो जाऊन आला. सगळे आपापल्या जागी होते.

"मग चोरीचा माल आहे," टेडसेन म्हणाला.

२

पुढची खोली म्हणजे टॉर्पेडोंची खोली. त्यांच्यावर फळ्या टाकून खलाशी जेवत, त्यांच्या बाजूंना टांगलेल्या बर्थांवर झोपत. छताला हॅम आणि पावांच्या जाळ्या लोंबत होत्या. टेडसेनने सगळ्यांना उठवून झडती घेतली.

माल निघाला. बव्हेरियन आचारी कोरबिनियान याच्या दोन खोक्यांत फ्रेंच कोन्याक ब्रँडी निघाली. ओटमार नावाच्या टॉर्पेडोवाल्याकडे शिवणयंत्राचं ओतीव लोखंडी चाक, पायडल आणि काय काय निघालं. कासेलमध्ये आईच्या शिवणयंत्रावर बाँब पडला होता, तिच्यासाठी तो ते तुकड्या-तुकड्यांनी गोळा करत होता.

टेडसेनने त्याला विचारलं, की तुझ्या आईला सगळ्यात आधी मुलगा परत हवा आहे की चाक.  कोरबिनियान मधेच म्हणाला, "साहेब, चाकाने निदान कपडे शिवता येतात." सगळे हसले. टेडसेनने माल समुद्रात टाकायला लावला.

दुसऱ्या सकाळी टाकलेल्या मालाचं वजन बरोबर वजा झालं होतं. पण त्या एका माणसाएवढं वजन शिल्लकच होतं. आणि आता ते पुढे नव्हतं. बुडबुडा पुढच्या बाजूला सरकून थांबला होता, म्हणजे शेपूट जड होतं.

टेडसेन त्या नळीकडे बराच वेळ पाहत राहिला. टाकी गळू शकते. व्हॉल्व्ह चिकटू शकतो. गोदीतले लोक सुट्टीच्या आदल्या दिवशी कसली जोडणी करतात हे त्याला ठाऊक होतं. पण गळतीचं पाणी वाढत जातं. ते माणसासारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जात नाही.

३

मग एका दुपारी ढगातून विमान निघालं.

विमान दिसलं की बोट झटक्यात बुडवावी लागते, आणि नाक लवकर खाली जावं म्हणून ज्याच्या हाताला काम नाही तो प्रत्येक जण पुढच्या खोलीकडे पळतो. "सगळे पुढे!" अशी हाक आली की झोपलेले, जेवणारे, अर्धी दाढी केलेले, सगळे गोल दारातून उड्या टाकत पळत सुटतात आणि टॉर्पेडोंच्या नळ्यांपाशी एकमेकांवर जाऊन पडतात. टेडसेनला हे दृश्य फार आवडे. तेव्हा माणसं जे होती तेच दिसत: पोत्यांतले बटाटे, फक्त पाय फुटलेले.

त्या दिवशी नाक नेहमीपेक्षा आधी खाली गेलं. विमानाचे बाँब रिकाम्या पाण्यात फुटले. खोल गेल्यावर टेडसेनने सगळ्यांना मागे बोलावलं. माणसं धापा टाकत परत आली, आपापल्या जागी बसली. बुडबुडा मात्र मागेच अडकून होता. टेडसेन वाट पाहत राहिला. काही वेळाने बुडबुडा निघाला, सावकाश, आणि मध्यावर आला. सगळ्यांच्या मागून कुणीतरी, घाई न करता, परत आलं होतं.

कप्तान रूनाउ खूश झाला. हा पंचविशीतला पोरगा. बोटीवर कप्तानाला म्हातारा म्हणायचा रिवाज, म्हणून गालावर नीट दाढीसुद्धा न येणाऱ्या या पोरालाही सगळे म्हाताराच म्हणत. त्याने टेडसेनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, की इतक्या चपळाईने बुडालेली बोट त्याने पाहिली नव्हती. हे तो अहवालात लिहिणार होता.

टेडसेन गप्प राहिला, आणि त्याला कारण होतं. बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण शाळेत एक जागा रिकामी होणार होती. कोरडी खोली, खिडकी, खिडकीबाहेर झाडं. ही फेरी नीट पार पडली की ती जागा त्याला मिळायची होती. ज्या इंजिनिअरला आपल्या बोटीत किती वजन आहे हे सांगता येत नाही, त्याला शाळेत कोण घेतो?

म्हणून त्याने सोपी गोष्ट केली. त्या रात्रीपासून तो आपल्या हिशेबात एक माणूस जास्त धरू लागला. तो कुठे आहे हे रोज सकाळी बुडबुड्याकडून विचारून घ्यायचं आणि तसं पाणी इकडचं तिकडे करायचं. वजन ते वजन. ते बटाट्याचं आहे, चाकाचं आहे की आणखी कशाचं, याच्याशी इंजिनिअरला काय करायचंय?

४

"साहेब," वुबे एकदा म्हणाला, "तुम्ही एक माणूस जास्त धरता."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही सांगता तेवढं पाणी मीच सोडतो. मलाही थोडंफार गणित येतं."

मग हळूहळू त्याने बाकीचं सांगितलं. बोटीवर दोन माणसांत एक बर्थ असे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या उबेत शिरे. अंथरूण कधी गार होत नसे. ओटमारचा जोडीदार हिनरिक याला निघायच्या आदल्या दिवशी कावीळ झाली आणि तो ब्रेस्टच्या इस्पितळात राहिला. म्हणजे ओटमारला अख्खी बर्थ एकट्याला मिळाली होती. सगळे त्याला लाटसाहेब म्हणून चिडवत होते. पण ओटमार आता तिथे झोपत नव्हता. तो खाली पत्र्यावर झोपायचा.

"का?"

"पाळी संपवून गेलं की अंथरूण गरम असतं, साहेब."

टेडसेनला मनापासून मौज वाटली. हिनरिक मेला आहे का, असं त्याने विचारलं. वुबे म्हणाला, छे, कावीळ आहे नुसती, आणि इस्पितळातल्या नर्सबद्दल तो जे बोलला होता त्यावरून बराच जिवंत होता. मग भूत कुणाचं, टेडसेनने विचारलं. वुबे म्हणाला, भूत असं कुणीच म्हटलं नाही. पोरं म्हणतात, एक जण जास्त आहे, तर असू दे. त्याची बर्थ त्याला सोडलीय. तो काही मागत नाही.

"यांना आईच्या मांडीवरून उतरवलं कुणी?" टेडसेन म्हणाला. "बर्थच्या मागून गरम तेलाची नळी जात असेल. चल, दाखवतो."

"मागून नळी जात नाही, साहेब."

"तू चल."

वुबे आला नाही. तो म्हणाला, व्हॉल्व्ह सोडून कसा येऊ?

५

बोट तेव्हा पाण्याखाली संथ चालली होती. पुढच्या खोलीतले खलाशी टेडसेनला पाहून बाजूला झाले. त्याने बर्थच्या मागे हात घालून पाहिला. गार लोखंड, त्यावर घामासारखं पाणी. मग अंथरुणावर हात ठेवला.

ते गरम होतं. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं.

"कोण झोपलं होतं इथे?"

कुणीच नाही, असं ओटमार म्हणाला. बाकीचे आपल्या बोटांकडे पाहत होते. कोरबिनियान सोलत होता तो बटाटा तसाच हातात धरून बसला होता.

"बघा," टेडसेन म्हणाला, आणि बूट न काढता सरळ बर्थवर आडवा झाला.

गादीत खळगा होता. टेडसेनला तो बरोबर बसला. खांद्यापाशी, कमरेपाशी. लहानपणी बर्फावर पडल्यापासून टेडसेनचा डावा गुडघा सरळ होत नसे, तो थोडा बाहेर वाकवून ठेवावा लागे. गादीत त्या गुडघ्यालाही जागा होती.

त्याला उठायचं होतं. पण खोलीभर त्याच्याकडे पाहणारे डोळे होते, आणि त्यांच्यासमोर घाईने उठणं त्याला जमणार नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले, फक्त त्यांना खिजवण्यासाठी. ऊब अंगात चढली. किती वेळ गेला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा तो धडपडत नियंत्रण कक्षात आला. वाटेत त्याच्या लक्षात आलं, की आपण एवढा वेळ पुढे होतो, म्हणजे नाक जड झालेलं असणार आणि वुबेची तारांबळ उडालेली असणार. पण बुडबुडा बरोबर मध्यावर होता.

"पाणी मागे घेतलंस?"

"नाही, साहेब. तुम्हीच म्हणालात, राहू दे."

"कधी?"

वुबेने आता त्याच्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग बाहीकडे. "आत्ताच. तुम्ही इथेच उभे होता. पाठमोरे."

नळीसमोरचा पत्रा ओला होता. पाणबुडीत पत्रा ओला असणं ही काही बातमी नव्हे. टेडसेनने ते वुबेला सांगितलं. खराब हवेत डोकं कसं चालतं हेही सांगितलं. माणूस हवं ते पाहतो, हवं ते ऐकतो, आणि फ्रिझियातला माणूस तर चांगल्या हवेतही तेच करतो.

वुबेने सगळं ऐकून घेतलं. मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही तिथे झोपायला नको होतं, साहेब. एक झोपला की दुसऱ्याला पाळीवर जावं लागतं. तो आजवर बिनजोडीचा होता."

६

त्यानंतर त्यांना जहाजांचा तांडा सापडला आणि तांड्याच्या विनाशिकांना ते सापडले.

एकामागून एक बाँब फुटले. दिवे गेले, आले. काचा उडाल्या. मागच्या भागात कुठेतरी पाणी शिरलं आणि बोट शेपटीवर बसत खाली जाऊ लागली. पाणी उपसायचं तर पंप लावायला हवा, आणि पंपाचा आवाज वर त्यांच्या यंत्रांना लगेच ऐकू जातो. वरून त्या यंत्रांची टिकटिक बोटीच्या कातडीवर नखं आपटल्यासारखी ऐकू येत होती. रूनाउ टेडसेनच्या कानाशी आला. त्याचं तोंड लहान मुलासारखं दिसत होतं.

"काहीतरी करा," तो कुजबुजला.

पंप नाही, टाक्या नाहीत, म्हणजे हलवता येण्यासारखं एकच वजन उरतं. टेडसेनने माणसं पुढे धाडायला सुरुवात केली. अनवाणी, एकेक, भिंतीला धरून. इंजिनवाले गेले, आचारी गेला, दुय्यम अधिकारी गेले. पुढे जाऊन त्यांनी आडवं पडायचं, तोंडात हवा शुद्ध करणाऱ्या डब्याची नळी धरायची आणि हलायचं नाही. बुडबुडा पुढून मध्याकडे येत होता. जवळजवळ आला. अगदी थोडा उरला. तेवढ्यानेही बोट खाली घसरत होती, आणि तिचा सांगाडा करकरू लागला होता.

एक माणूस कमी पडत होता.

टेडसेनने पुन्हा हिशेब केला. तो बरोबर होता. त्या जास्तीच्या वजनाला त्याने पुढे धरलं होतं, कारण हाक आली की ते सगळ्यांबरोबर पुढे जात आलं होतं. आज गेलं नव्हतं. मग होतं कुठे? त्याच्या मानेमागे गारवा होता. त्याच्या पाठीमागच्या पत्र्यावर थेंब पडत होते, एक, मग बऱ्याच वेळाने एक. त्याने मागे पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि तेवढ्यासाठी मान वळवणं त्याला कमीपणाचं वाटलं.

तो नळीकडे पाहतच पुटपुटला, "पुढे जा."

बुडबुडा हलला नाही.

"आता पाळी त्याची आहे, साहेब," वुबे व्हॉल्व्हवरची नजर न काढता म्हणाला.

टेडसेनने कक्षात नजर फिरवली. सुकाणूवाल्याचे हात सुकाणूवर होते. बोटीचे बाजूचे पंख वर-खाली करणारे दोघे आपापल्या चाकांशी होते. पाण्यातले आवाज टिपणाऱ्याच्या कानांवर यंत्र होतं. वुबेचे हात व्हॉल्व्हवर होते. रूनाउ कितीही बिनकामाचा असला तरी कप्तान होता. हाताला काम नाही असा माणूस कक्षात एकच उरला होता, फक्त तोंडाने हुकूम सोडणारा.

त्याला हसू आलं. मग त्याने बूट काढले आणि तो पुढे गेला.

७

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं एकमेकांना चिकटून पडली होती. त्या गर्दीतही एक बर्थ रिकामी होती. टेडसेन तिच्यावर आडवा झाला. ती गरम होती. गुडघा आपोआप जागेवर गेला.

बोट सपाट झाली. हे त्याला पाठीतून कळलं. करकर थांबली. ती आता पडत नव्हती.

मग त्याला कक्षातून आवाज ऐकू आला. हळू, नाकातून आलेला, कंटाळलेला. "झालं. आता तुम्ही लोक पुन्हा मूर्खपणा करायला मोकळे."

वुबे म्हणाला, "जी, साहेब."

खराब हवा, टेडसेनने स्वतःला सांगितलं. खराब हवेत माणूस स्वतःलाही ऐकतो. त्याने मान वळवली. मधली दारं उघडी होती. बोगद्यासारख्या वाटेच्या शेवटी, मंद दिव्याखाली, नळीसमोर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. टेडसेनच्या अंगावर होता तसाच राखाडी चामड्याचा कोट. डावा गुडघा किंचित बाहेर. बाहीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. पंखांवरचे दोघे, सुकाणूवाला, रूनाउ, सगळे त्याच्याकडे पाहत होते, हुकमाची वाट पाहावी तसे. वुबे मात्र एकटा खाली बघत होता.

टेडसेनने कोपरावर भार देऊन अंग उचललं. तेवढ्यानेच, किंवा त्याला तसं वाटलं, बोट शेपटीकडे कलली. कुठेतरी लोखंड पिळवटल्यासारखं ओरडलं. कुणीतरी अंधारात देवाचं नाव घेतलं.

"पुढच्या खोलीत एक वजन हलतंय," तो आवाज म्हणाला. "त्याला पडून राहायला सांगा."

हुकूम एका तोंडातून दुसऱ्या तोंडात कुजबुजत पुढे आला. खाली पत्र्यावर ओटमार पडला होता. त्याने वर न पाहताच हात वर केला, टेडसेनच्या छातीवर ठेवला आणि हळूच दाबला. टेडसेन मागे पडला. बोट स्थिर झाली. तो उठला तर सगळे मरणार होते, आणि ते गणित चुकीचं आहे असं त्याला स्वतःलाच म्हणता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने वरची टिकटिक विरळ झाली, मग थांबली. पंप सुरू झाला. बोट वर गेली, झाकण उघडलं आणि थंड, स्वच्छ हवा नळ्यातून धावत आली. तो आवाज एकेकाचं नाव घेऊन माणसं मागे बोलावू लागला. कोरबिनियान गेला. इंजिनवाले गेले. ओटमार उठला, चालताना रिकाम्या जागेला द्यावी तशी त्याने बर्थला अंतर देत वाट काढली आणि गेला. टेडसेन आपलं नाव येईल म्हणून थांबला. त्याने हाकही मारली. पावांच्या जाळ्या तेवढ्या डुलत होत्या.

अंथरूण छान गरम होतं.

सकाळी तोल पाहायला बोट पुन्हा बुडवली. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. त्या शांततेत त्याला दूरवरून रूनाउचा काळजीचा स्वर ऐकू आला, "नाक जरा जड वाटतंय का हो? एखाद्या माणसाएवढं?"

"असू दे," नाकातला तो आवाज म्हणाला. "ते धरलंय मी."